धानाचं पाणी, ढिवराचा मासा

महाराष्ट्राने सप्टेंबर 2023 मध्ये चंदेरी पापलेटला राज्य मासा म्हणून मान दिला. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची ती जुनी मागणी होती आणि ती रास्तही होती. पण राज्याच्या दुसऱ्या टोकाला, वैनगंगेच्या खोऱ्यात, पापलेट हा टीव्हीवर दिसणारा मासा आहे. इथला मानाचा मासा मरळ. अंगावर काळसर पट्टे, डोकं सापासारखं, काटे कमी आणि मांस घट्ट. जावई येणार असेल तर सांगून ठेवावा लागणारा. सीमेपलीकडच्या तेलंगणाने मरळलाच आपला राज्य मासा केलं आहे. आपल्याकडे तो भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या तलावांत राहतो आणि सरकारी अहवालात ‘इतर मासे’ या रकान्यात जातो.

हा लेख त्या रकान्याबद्दल आहे.

तलाव कुणी बांधले

नागपूरहून पूर्वेला निघालं की भंडाऱ्यापुढे जमिनीचा रंग बदलतो. कापूस मागे पडतो, धानाच्या बांध्या सुरू होतात आणि थोड्या थोड्या अंतरावर एक लांबलचक मातीची पाळ दिसू लागते. पाळीवर आंबा, चिंच, मोहाची जुनी झाडं, पाळीच्या एका अंगाला गाव आणि शेतं, दुसऱ्या अंगाला पाणी. नवेगावबांध, सिरेगावबांध, सिवनीबांध, बोदलकसा, चोरखमारा ही नावं पर्यटकांच्या कानावरून गेलेली असतात. ज्यांची नावं गावाबाहेर कुणाला माहीत नाहीत असे तलाव मात्र हजारोंनी आहेत. माजी मालगुजारी, म्हणजे सरकारी भाषेत ‘मामा’ तलावांचीच संख्या पूर्व विदर्भात साडेसहा हजारांच्या पुढे जाते. शेतकऱ्यांच्या खासगी बोड्या, म्हणजे लहान तळी, त्यात धरलेल्या नाहीत.

यातलं एकही पाणी नैसर्गिक सरोवर नव्हे. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क मिळत. या कामात कोहळी समाजाने जे कसब दाखवलं त्याला तोड नाही. दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची, उतार डोळ्याने मोजायचा, तिथे मातीची पाळ घालायची, जादा पाण्याला सांडवा ठेवायचा आणि पाळीच्या पोटातून शेताकडे पाणी सोडायला तुडूम बसवायचा. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरेल अशी साखळी अनेक ठिकाणी आजही दिसते. नवेगावबांधचा दहा-अकरा चौरस किलोमीटरचा जलाशय अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानलं जातं. हा पाटील पुढे कोलासूर नावाने देव झाला. तलावाभोवतीच्या सात टेकड्या म्हणजे त्याला मदत करणाऱ्या सातबहिणी, अशी श्रद्धा आहे. धरण बांधणाऱ्या अभियंत्याचं देऊळ झाल्याची उदाहरणं देशात फार नसावीत.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे आले आणि त्यांनी हे पाणी मराठी वाचकाच्या घरात नेलं. ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचून इकडे आलेली माणसं अजून भेटतात. जून 2025 मध्ये चितमपल्ली गेले. त्यांच्या लेखनात पक्षी ठळक आहेत, पण लक्ष देऊन वाचलं तर मासे आणि मासे पकडणारी माणसंही तितकीच आहेत. त्यांना तलावाची माहिती देणाऱ्यांत गावातली जाणती माणसं होती, मासे पकडणारे ढिवर होते. वाचकाने पक्षी लक्षात ठेवले आणि ढिवर विसरला.

ढिवराचं वर्ष

ढिवर, भोई, केवट, ढिमर अशा नावांनी ओळखला जाणारा हा समाज या चार जिल्ह्यांत पाण्याच्या आसऱ्याने वसलेला आहे. एका तलावाशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली ही माणसं सरकारी यादीत भटक्या जमातींत मोडतात. जुन्या काळी पालखी वाहणं, घरोघर पाणी भरणं, शिंगाडे लावणं ही कामंही त्यांचीच. भंडारा-गडचिरोलीकडचे अनेक ढिवर जंगलात ऐनाच्या झाडांवर टसरचे कोसे पाळत आले आहेत. म्हणजे नागपुरातल्या दुकानात जी कोसा साडी मिरवते, तिच्या धाग्याच्या मुळाशीही बऱ्याचदा मासे पकडणाराच हात असतो. पाणी आटलं की जंगल, जंगल संपलं की धानाची रोवणी, रोवणी झाली की पुन्हा पाणी. एका धंद्यावर पोट भरत नाही हे या समाजाला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

त्यांचं वर्ष मृगाच्या पावसाने सुरू होतं. पहिल्या मोठ्या सरींनी नाले वाहू लागले की तलावातले मासे उलट्या धारेला चढतात. सांडव्यावरून, पाटांतून, बांध्यांच्या मुऱ्यांतून ते उथळ पाण्यात जाऊन अंडी घालतात. या दिवसांत लहान पोरंही बांबूच्या काड्यांचे सापळे घेऊन बांधावर असतात. मरळ मात्र धारेला चढण्याच्या फंदात पडत नाही. तिची तऱ्हा वेगळी आणि ती जवळून बघण्यासारखी आहे.

काठाजवळच्या पाणवनस्पतीत मरळ आणि तिचा जोडीदार थोडी जागा मोकळी करतात. तिथे अंडी पाण्यावर तरंगतात आणि जोडी खाली पहारा देते. पिलं बाहेर पडली की त्यांचा लालसर, हलणारा पुंजका वरच्या थराला दिसतो. हजारो पिलं एका थव्याने फिरतात, मध्येच सगळी एकदम वर येऊन हवा घेतात आणि पाण्याला उकळी फुटल्यासारखं होतं. मरळला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय असते. म्हणून ती गढूळ, आटत्या पाण्यात, अगदी चिखलातही तग धरते. लाल पुंजका दिसला की खाली मोठी मरळ आहे हे ढिवराला बघताक्षणी कळतं. तिथे गळ टाकला तर ती पिलांच्या रक्षणासाठी झेप घेते आणि हमखास सापडते. जाणता माणूस तिथे गळ टाकत नाही, कारण पहारेकरी गेला की डडक, बेडूक आणि बगळे मिळून तो सगळा पुंजका दोन दिवसांत संपवतात. तलाव आपला आहे आणि पुढच्या वर्षीही आपलाच असणार आहे, याची खात्री असेल तरच माणूस हातातला गळ मागे घेतो. ती खात्री गेली की शहाणपणही जातं. या एका गोष्टीत तलावांचं निम्मं अर्थशास्त्र आलं.

दिवाळीच्या सुमारास हलका धान कापणीला येतो, भारी धान उभा असतो, तलाव भरलेले असतात. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री झाडीपट्टीची, म्हणजे या मुलखाची, नाटकं रंगतात, पाहुण्यांची वर्दळ होते आणि माशाला मागणी चढते. मग थंडीत जाळी नीट चालू होतात. पाणी जसजसं उतरतं तसतसा मासा गोळा होत जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मोठी काढणी होते.

फेकजाळं टाकणारा हात पाहावा तो या दिवसांत. दोरीचं टोक डाव्या मनगटाला, जाळ्याचा एक भाग कोपरावर, कडेचा एक शिशाचा मणी दातांत. कमरेतून अर्धी गिरकी घेऊन माणूस जाळं सोडतो आणि क्षणभर ते हवेत पूर्ण गोल होतं. तो गोल पाण्याला सगळीकडून एकाच वेळी टेकला पाहिजे. एक बाजू आधी पडली की मासा दुसऱ्या बाजूने निसटलाच. मग काही वेळ कुणी हलत नाही. मणी तळाला पोहोचेपर्यंत थांबायचं आणि दोरी हळूहळू ओढत घ्यायची. बोटांना दोरीतून कळतं, आत मासा आहे की शेवाळ. नायलॉन येण्याआधी ही जाळी घरी कातलेल्या सुताची असत आणि कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवून ठेवत. आता जाळी बाजारात तयार मिळतात. डोंग्यांच्या जोडीला ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबही आल्या आहेत. ट्यूबवर बसून, पाय पाण्यात सोडून, हातांनी वल्हवत माणूस पहाटे जाळी काढायला निघतो. जानेवारीतल्या झाडीच्या थंडीत हे काम किती सोपं असेल याचा अंदाज शहरातल्या माणसाने न केलेलाच बरा.

10 जुलैचा मासा

आता या तलावांत मुख्यतः जे पकडलं जातं ते इथलं नव्हे. कटला, रोहू आणि मृगळ हे मोठ्या नद्यांचे मासे आहेत. पावसाळ्यात वाहत्या, चढत्या पाण्यातच ते अंडी घालतात. साचलेल्या तलावात ते वाढतात, पण वंश वाढवत नाहीत. त्यामुळे एके काळी त्यांचं बीज नदीतून गोळा करून आणावं लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूलगतच्या पियूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांकडून तलावात प्रजनन घडवून आणलं. हरितक्रांती सगळ्यांना ठाऊक असते. गोड्या पाण्यातली ही क्रांती तिच्याइतकीच मोठी आहे. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. बीज हवं तेव्हा, हवं तेवढं मिळू लागलं. 1959 मध्ये गवत्या आणि चंदेरा हे चिनी वंशाचे मासे भारतात आले. सायप्रिनस हा परदेशी मासा त्याआधीच आला होता. मग सहा जाती एकत्र सोडायच्या मिश्र मत्स्यपालनाचा प्रसार झाला.

कल्पना तर्कशुद्ध होती. तलाव म्हणजे तीन मजली घर: वरच्या मजल्यावर कटला, मधल्यावर रोहू, तळाला मृगळ. प्रत्येकाचा चारा वेगळा, म्हणून भांडण नाही. गवत्या पाणवनस्पती खाईल, सायप्रिनस तळ उकरून खाईल. एक कोपराही वाया जाणार नाही. ढिवरांनीही हे मासे मनापासून स्वीकारले हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. कटला एका वर्षात किलोच्या आसपास जातो, बाजारात हातोहात खपतो, त्याचा हिशेब मांडता येतो. डडक आणि शिंगूर विकून पोरीचं लग्न होत नाही.

पण घरातली वनस्पती खाण्यासाठी सोडलेला मासा थांबायचं कुठे हे जाणत नाही. गवत्या हायड्रिलासारख्या बुडीत वनस्पतींचा फडशा पाडतो. सायप्रिनस मुळं उपटतो आणि पाणी गढूळ करतो. गढूळ पाण्यात ऊन खाली उतरत नाही, मग नवी रोपं उगवत नाहीत. या वनस्पतींतच मरळ अंडी घालते, वाघूर आणि शिंगूर लपतात, झिंगे वाढतात, गोगलगायी चिकटतात, पाणकिडे जगतात. काठाच्या उथळ पाण्यात देवधान, त्याच्या आत पोयणी आणि कमळ, त्याच्या आत बुडीत वनस्पती, अशी खोलीप्रमाणे पाण्याची पट्टे पट्टे वाटणी असते. पट्टे गेले की त्यांतले मासे जातात. मोकळ्या जागेवर बेशरम उगवतं, जलपर्णी पसरते. ही दोन्ही परदेशातून आलेली आणि माशाला निरुपयोगी. दुरून तलाव हिरवाच दिसतो. जवळ गेल्यावर कळतं की त्या हिरव्यात खाण्याजोगं काही नाही.

मग तलाव बिजावर जगू लागतो. दर पावसाळ्यात ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन गाडी पाळीवर येते. जिरे, बीज आणि बोटुकली अशा मत्स्यबिजाच्या तीन अवस्था. जिरं म्हणजे डोळे फुटलेला धागा, बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू. मोजणी वाटीने होते: एका वाटीतली पिल्लं मोजायची आणि वाट्यांच्या संख्येने गुणायचं. पहिली वाटी कोण भरतो, काठोकाठ भरतो की पाणी जास्त घेतो, यावर हजारोंचा फरक पडतो आणि मच्छीमार संस्थेच्या वर्षभराच्या भांडणांची सुरुवात बहुधा तिथेच होते. पिशवी तशीच अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं आणि बाहेरचं तापमान जुळलं की तोंड सोडायचं. घाईने ओतलेलं बीज तिथेच उताणं होतं. जिरं स्वस्त आणि बोटुकली महाग, म्हणून पैसे कमी असलेली संस्था जिरं घेते. ते थेट तलावात सोडलं तर त्यातलं फार थोडं जगतं. गरीब संस्था आणखी गरीब होण्याचा हा ठरलेला मार्ग आहे.

एक तलाव, चार धनी

1951 मध्ये पूर्वीच्या मध्य प्रांतातली मालगुजारी संपली. तलाव सरकारजमा झाले. गावाचा महसूल गोळा करणारा मालगुजार काही साधुपुरुष नव्हता. बेगार, वेठ, पिळवणूक सगळं होतं. पण गावाच्या ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तात कोणत्या शेताला कधी पाणी, पाळीची डागडुजी कुणी करायची, हे नोंदलेलं असे आणि उन्हाळ्यात गाळ काढायला गाव उतरत असे. मालगुजार गेला तशी ती व्यवस्थाही गेली. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे आले. पूर्वी हक्काने मिळणाऱ्या पाण्यावर पाणीपट्टी आली तेव्हा गावं चिडली. वाद वर्षानुवर्षं चालले. दरम्यान तलाव गाळाने भरत राहिले आणि पोटातल्या सुपीक जमिनीवर अतिक्रमणं वाढत गेली.

आजची वाटणी अशी आहे. जमीन आणि पाळ सरकारची. पाणी लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचं. मासा लिलावात किंवा ठेक्यात तलाव घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थेचा. आणि उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या काठाची जमीन, जो नांगर घालेल त्याची. या चौघांत तलावाला तलाव म्हणून बघणारा कुणी नाही.

खटका उडतो तो ऑक्टोबरात. पावसाने दगा दिला की भारी धानाला शेवटचं एक पाणी लागतं आणि तुडूम उघडतो. धान वाचवायलाच हवा, त्यावर ढिवराचंही दुमत नसतं. त्याच्या घरची बाई त्याच शेतात मजुरीला असते. पण तळ दिसेपर्यंत पाणी सोडलं तर जुलैत सोडलेली बोटुकली ऐन वाढीत उघडी पडते. मासा अर्ध्या वजनात विकावा लागतो. ठेक्याची रक्कम मात्र पूर्णच भरायची असते. धान बुडाला तर पंचनामा होतो, मासा बुडाला तर बहुतेक वेळा तो संस्थेचा तोटा असतो. 2017 मध्ये राज्याने तलाव ठेक्याने देण्याचं धोरण बदललं, तेव्हा ठेक्याच्या रकमेवरून मच्छीमार संस्थांत मोठी नाराजी पसरली होती. पुढे काही दुरुस्त्या झाल्या. पण मूळ प्रश्न रकमेचा नव्हता. ठेका साधारण पाच वर्षांचा असतो. पाच वर्षांच्या धन्याकडून पन्नास वर्षांची काळजी कशी होणार?

गाळ काढण्याच्या सरकारी योजना आल्या, ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आली. गाळ निघाला, शेतात पडला, शेतकऱ्याचा फायदाही झाला. पण उत्खनन यंत्राने तलाव खणला की तो उभ्या भिंतींच्या खड्ड्यासारखा होतो. काठाचा मंद उतार, जिथे देवधान आणि पोयणी उगवायची, तोच नाहीसा होतो. आराखड्यात साठवण वाढल्याचा आकडा येतो. मरळला अंडी घालायला जागा उरली का, हे विचारणारा रकाना आराखड्यात नसतो.

बाजाराने वेगळाच हिशेब मांडला आहे. तलावांच्या या मुलखात तालुक्याच्या मच्छीबाजारात गेलं तर बर्फाच्या पेट्यांतून आलेला आंध्रचा कटला आणि रोहू दिसतो. कोल्लेरू-भीमावरमच्या पट्ट्यातल्या प्रचंड मत्स्यतलावांशी भावात स्पर्धा करणं गावच्या संस्थेला जमत नाही. जिवंत मरळ मात्र त्या बाजारातही पाण्याच्या टोपात असते आणि तिचा भाव कटल्याच्या कितीतरी वर असतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात आणि गडचिरोलीत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. त्यांच्या येण्याने लहान देशी माशांनाही कदर करणारं गिऱ्हाईक मिळालं. जो मासा सरकारी हिशेबात ‘इतर’ आहे, त्याच्यासाठी माणसं पहाटे रांगेत उभी असतात.

नदीवरच्या ढिवरांची कथा आणखी अवघड आहे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी 1988 मध्ये झाली. धरणाने नदीतल्या माशांची ये-जा अडली आणि नागपूरचं सांडपाणी नाग व कन्हान नद्यांतून त्याच जलाशयाकडे येतं. वाहत्या नदीचं ज्ञान साचलेल्या, जलपर्णीने भरलेल्या पाण्यात कामाला येत नाही.

पाण्यात रोवणी

या सगळ्यात अर्जुनी मोरगाव परिसरातल्या काही तलावांवर गेल्या दीड दशकात जे घडलं ते नीट पाहण्यासारखं आहे. मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी तलाव आणि त्यांच्याशी जोडलेल्या ज्ञानाचा अभ्यास बरीच वर्षं करत होते. त्यांनी प्रश्न उलटा विचारला. कोणतं बीज सोडावं हे न विचारता, पूर्वी तलावात काय उगवायचं हे त्यांनी जुन्या ढिवरांना विचारलं. अर्जुनीचे पतिराम तुमसरे हे त्या जाणत्यांपैकी एक. कोणता मासा कोणती वनस्पती खातो, कोणत्या झुडपात अंडी घालतो, कोणत्या खोलीवर काय लागतं, हे या माणसांच्या डोक्यात होतं आणि कोणत्याही खात्याने ते कधी लिहून घेतलं नव्हतं.

मग काम सुरू झालं ते शेतीच्या कामासारखंच. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायचं, कारण कापलं तर ते दुपटीने फुटतं. आटलेल्या तळाचा भाग नांगरायचा. पाऊस पडून पाणी साचू लागलं की जिथे चांगल्या वनस्पती शिल्लक आहेत अशा तलावातून रोपं आणायची आणि गुडघाभर पाण्यात, खोलीप्रमाणे पट्टे करून लावायची. हे काम बहुतांशी बायकांनी केलं. निमगावच्या शालू कोल्हे यांनी ढिवर समाजातल्या बायकांना यासाठी एकत्र आणलं. धानाच्या रोवणीला वाकणारे तेच हात तलावाच्या रोवणीला वाकले. गवत्या आणि सायप्रिनस सोडायचे नाहीत, देशी माशांच्या विणीच्या दिवसांत जाळं टाकायचं नाही, हे संस्थांनी आपणच ठरवून घेतलं.

वनस्पती परतल्या तसे मासेही परतू लागले. मरळ, वाघूर, शिंगूर, डडक यांना कुणी विकत आणलं नाही. आसरा मिळाला आणि त्यांनी आपापला संसार मांडला. कटला-रोहूही राहिले, कारण चारा वाढला की त्यांचंही वजन वाढतं. बिजाचा खर्च कमी आणि महागड्या माशाचं उत्पन्न वर, असा हा व्यवहार आहे. त्यात भाबडेपणा काही नाही. या काठांवर आणखी एकाची भिस्त आहे, सारस पक्ष्याची. महाराष्ट्रात तो आता जवळपास गोंदिया आणि त्याच्या आजूबाजूलाच उरला आहे. धानाच्या बांध्या आणि वनस्पतींनी भरलेले उथळ काठ हेच त्याचं घर. मरळला जे हवं तेच सारसाला हवं. पण सारसासाठी मोहिमा निघतात आणि त्याच काठासाठी राबणारी ढिवर बाई रोजगार हमीच्या हजेरीपटावरही कधी असते, कधी नसते.

बायकांचा मुद्दा एवढ्यावर सोडता येत नाही. मासा पकडून काठावर आला की पुढचं सगळं त्यांचं: निवडणं, टोपलीत भरणं, गावोगाव डोक्यावरून नेऊन विकणं, उरलेला वाळवणं. झिंगे आणि बारीक मासे तर त्याच पकडतात. अंबाडीच्या भाजीत घातलेले मूठभर सुके झिंगे हे गरीब घरचं कालवण. पण सहकारी संस्थेची सभासद यादी उघडा, बाईचं नाव अपवादाने सापडेल. लिलावाच्या टेबलाशी ती नसते. म्हणून टेबलावर चर्चा कटल्याची होते, झिंग्यांची होत नाही. तलावातून गेलेल्या वनस्पतींबरोबर घरातल्या ताटातलं काय गेलं याचा हिशेब ज्यांच्याकडे आहे, त्यांना मत विचारलं जात नाही.

शेतीचा दर्जा, कुणाची शेती

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. कर्ज, वीज, विमा यांत मच्छीमाराला शेतकऱ्याच्या बरोबरीने सवलती मिळाव्यात हा हेतू. तो स्वागतार्ह आहे. पण शेतकऱ्याकडे सातबारा असतो. ढिवराकडे ठेक्याची पावती असते. शेती म्हटलं की योजना बीज, खाद्य, पिंजरे आणि उत्पादनाचे टन यांच्याच भाषेत येणार. त्या भाषेत मामा तलाव हा कमी उत्पादनाचा, मागासलेला तलावच ठरतो. आणखी बीज टाका, आणखी खोल खणा, हाच त्यावरचा उपाय सुचतो. पन्नास वर्षं हेच चालू आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. तलावातला मासा पाण्यावर वाढत नाही, चाऱ्यावर आणि आसऱ्यावर वाढतो. चारा आणि आसरा काठाच्या उतारावर असतो, आणि तो उतार राखायला तलावाजवळ कायम राहणारा, कायम राहण्याची खात्री असलेला माणूस लागतो. धोरण बीज मोजतं. ते वनस्पती मोजू लागलं तर मासा आपोआप मोजला जाईल. हे करायला नवं संशोधन केंद्र उभारावं लागणार नाही. जंगलातल्या तलावांसाठी 2006 च्या वनहक्क कायद्याने पाण्यातल्या माशांवर सामूहिक हक्काची तरतूद केलेलीच आहे. ढिवरांसारख्या इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, ही त्यातली अडचण. ज्यांच्या आजोबांनी कागद पाहिला नाही त्यांच्याकडून कागद मागण्याचा हा प्रकार सुधारायला हवा. उरलेल्या तलावांसाठी ठेक्याच्या करारनाम्यात चार-सहा ओळी घातल्या तरी पुष्कळ होईल.

त्या ओळी अशा असाव्यात. शेवटचं पाणी सोडताना तळाला अमुक फूट पाणी माशासाठी राहील, आणि ती खूण तुडूमाजवळच्या दगडावर कोरलेली असेल. गाळ काढताना काठाचा उतार मोडणार नाही. ज्या तलावात देशी वनस्पती आहेत तिथे गवत्या आणि सायप्रिनस सोडले जाणार नाहीत. वनस्पती लावण्याचं काम रोजगार हमीत धरलं जाईल आणि मजुरी बायकांच्या नावावर जमा होईल. संस्थेच्या सभासदांत निम्म्या बायका असतील. तलाव नीट राखणाऱ्या संस्थेला ठेका लिलावाशिवाय पुढे मिळेल. कोहळ्यांनी पाळी घातल्या तेव्हा गावांनी पाण्याचे नियम बसवले आणि पुढे ते कागदावरही उतरले. आता माशाचे नियम ठेक्याच्या करारात उतरायला हवेत, ढिवरांना विचारून आणि ठेक्याची पुढची मुदत संपण्याआधी.